बाहुली बोलू लागते तेव्हा

(शताब्दी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मी बाहुल्यांवर बोलणार असे कळविले, तेव्हा कार्यवाहांनी विषय दोनदा विचारून घेतला. त्यांची शंका रास्त होती. परंतु आपला माळवा हा मुळी बोलक्या पुतळ्यांचाच प्रदेश आहे. सिंहासनबत्तिशीतील उज्जयिनी आणि धारा या दोन्ही नगरी इंदूरहून फारशा दूर नाहीत. भोजराजा विक्रमाच्या सिंहासनावर चढू जातो आणि पुतळी त्याला अडविते : विक्रमाचे औदार्य तुझ्या ठायी आहे काय? मात्र या बत्तीस पुतळ्यांना सोबती नको आहे. त्या परीक्षक आहेत, त्याही कडक. शाप सरताच निघून जातात.

खेळण्यातली बाहुली जिवंत होते आणि तिला माया करणारे कोणी हवेसे वाटते, ही कथा निराळी. युरोपात ती एकोणिसाव्या शतकात रुजली. हॉफमनचा नटक्रॅकर १८१६ सालचा, अँडरसनचा एका पायाचा कथिलाचा शिपाई १८३८ सालचा. कोलोदीचा पिनोकिओ १८८१ पासून रोमच्या एका बालसाप्ताहिकात क्रमशः येऊ लागला. पंधराव्या प्रकरणात लेखकाने त्याला झाडाला लटकवून कथा संपविलीही होती. बालवाचकांनी ती संपू दिली नाही. पुढे लिहिणे भाग पडले आणि १८८३ साली पुस्तक निघाले. (आपल्या ग्रंथनिवड समितीने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.)

मला आज विशेष बोलावयाचे आहे ते रूमर गॉडन या लेखिकेविषयी. १९०७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या बाईंचे बालपण पूर्व बंगालमधील नारायणगंज येथे गेले आणि नंतर शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. दोन घरे असलेल्या मुलाला कोणते घर आपले हा प्रश्न आयुष्यभर पुरतो. 'द डॉल्स हाउस' ही त्यांची १९४७ सालची कादंबरी. तीत टॉटी नावाची छोटी लाकडी बाहुली आहे. आपल्याकडच्या ठकीची दूरची बहीणच म्हणा ना! या कथेत एक कठोर अट लेखिकेने पाळली आहे. बाहुल्या आपापसात बोलतात, परंतु माणसांना काही सांगू शकत नाहीत. त्यांना फक्त मनोमन इच्छा करता येते. ती मुलींपर्यंत पोहोचली तर पोहोचली. मार्चपेन ही देखणी, गर्विष्ठ बाहुली घर बळकावते तेव्हाही टॉटीच्या हाती एवढेच उरते. पुढे चिमुकला अ‍ॅपल दिव्याच्या ज्योतीजवळ जातो. मार्चपेन पाहत राहते आणि सेल्युलॉइडची भोळी बर्डी त्याला वाचविण्यासाठी झेपावून क्षणात जळून जाते. मुलांच्या पुस्तकात असे मरण असावे काय, असे कोणी विचारील. माझ्या मते असावे. बर्डीवाचून टॉटीची माया नुसती गोड राहिली असती.

१९६१ सालच्या 'मिस हॅपिनेस अँड मिस फ्लॉवर' या कादंबरीत तर नोना ही आठ वर्षांची मुलगी दक्षिण भारतातील चहाच्या मळ्यातून इंग्लंडला काकांकडे येते. थंडीने आणि परकेपणाने ती मिटून जाते. इतक्यात टपालाने दोन जपानी बाहुल्या येतात, तिच्याइतक्याच परक्या. त्यांच्यासाठी जपानी घर बांधावयाचे तर ते कसे असते हे ठाऊक हवे. म्हणून ही लाजरी मुलगी गावातल्या रागीट पुस्तकविक्रेत्याकडे जाऊन पुस्तके वाचू लागते. चुलतभाऊ टॉम सुतारकाम करतो, धाकटी बेलिंडा मत्सराने धुमसते. बाहुल्यांचे घर उभे राहता राहता नोनालाही घर मिळते. पुस्तकांचे असे कार्य दाखविणारी बालकथा मी क्वचितच वाचली आहे.

आमच्या शेजारी एक सहा वर्षांची मराठी मुलगी आहे. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. ओट्यावर बसून ती बाहुलीला जेवू घालते ते हिंदीत; "खा ले, फिर घूमने चलेंगे." बाहुली हट्ट करू लागली की मात्र आजीचे शब्द तिच्या तोंडी येतात : "गुमान बस, नाहीतर बाबांना सांगेन हं!" तिची मराठी तूर्त रागावण्यापुरती उरली आहे. बाहुलीला गोष्ट सांगावयाची झाली तर कोणत्या भाषेत सांगेल, हे तिने कोणती गोष्ट ऐकली आहे यावर ठरणार.

मार्चपेनचा शेवट सांगावयाचा राहिला. ती संग्रहालयात जाते, काचेआड, आणि तेथे पाहणाऱ्यांच्या कौतुकात अगदी सुखात राहते. शताब्दी निधीतून बालविभागाच्या कपाटांना नव्या काचा बसविणार असे ऐकतो. अवश्य बसवाव्यात. कुलूप मात्र रविवारी सकाळी दोन तास काढून ठेवावे, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. मुलांनी हवी ती पुस्तके काढावीत, हवी तेथे बसावे, बाहुल्या आणल्या तरी चालेल. त्या दोन तासांत तेथे बसून गोष्ट वाचून दाखविण्याचे मी आणि माझ्या पत्नीने मान्य केले आहे.