न थांबणारा पंखा



दिवाळीच्या आधीं नानकटाईचें पीठ डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर पाठवावयाचें आणि संध्याकाळपर्यंत भाजलेल्या पत्र्यांची वाट पाहावयाची, ही रीत जळगांव-धुळ्याच्या अनेक घरांना ठाऊक आहे. आतां ती भट्टीच ओव्हन या नांवानें कांहीं घरांत कपाटाच्या खणांत येऊन बसली आहे. बेकरीवाल्याच्या भट्टीला पंखा नव्हता, हिला आहे. आणि या पंख्याविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. भट्टी बंद केली, केक बाहेर काढला, जेवणें उरकलीं, तरी आंत कोठेंतरी पंखा घुमतोच आहे. आतां काय करावें?

बहुतेक घरांत यावर जें केलें जातें तें असें, कीं भिंतीवरचें बटण दाबून वीजच तोडतात. विजेची काटकसर आपल्या अंगीं मुरलेली आहे आणि ती चांगलीच आहे; परंतु येथें ती उलटते. हा पंखा फार तर वीस-पंचवीस वॅटचा. त्यानें एक युनिट खावयाचें म्हटलें तर चाळीस तास फिरावें लागेल. उलट, त्याला अकालीं थांबविल्यानें जें बिघडतें त्याची किंमत हजारांनीं मोजावी लागते.

अशा भट्टींत पुष्कळदां दोन पंखे असतात. एक आंतल्या बाजूस, मागील भिंतीच्या जाळीआड. तो उष्ण हवा खेळवून पदार्थ सर्व बाजूंनीं सारखा भाजतो. दुसरा भट्टीच्या माथ्यावर, पत्रा आणि कपाट यांच्या मधल्या पोकळींत दडलेला. त्याला पदार्थाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. बटणें, घड्याळ आणि त्यांच्या मागची नाजूक विद्युत्-पाटी तापून खराब होऊं नये म्हणून तो खोलींतील हवा ओढतो आणि दाराच्या वरच्या फटींतून बाहेर सोडतो. त्या फटीशीं हात धरून पाहावा. कोमट वारा लागला, तर फिरतो आहे तो हा दुसरा पंखा, आणि भट्टी बंद झाल्यावरहि कांहीं वेळ फिरणें हें त्याचें कामच आहे.

खापरावर मांडे करणाऱ्या आमच्या खानदेशी गृहिणींना याचें कारण सांगावयास नकोच. चुलींतलीं लांकडें ओढून घेतलीं तरी खापर लगेच निवत नाहीं. भट्टीचें पोलादी अंगहि तसेंच. ती बंद केल्यावर आंत सांठलेली उष्णता बाहेर पाझरूं लागते, आणि विद्युत्-पाटीला खरा धोका त्याच वेळीं असतो. मोठ्या यंत्रांचीहि हीच तऱ्हा. भुसावळजवळ दीपनगरला ज्या प्रकारचें औष्णिक विद्युत्-केंद्र आहे, तशा केंद्रांतील वाफेचें टर्बाइन बंद केल्यावरहि तासन्‌तास मंद गतीनें फिरवीत ठेवतात. नाहींतर निवतां निवतां त्याचा जड दंड वांकतो. तापलेलें यंत्र एकदम सोडून देऊं नये, हें तेथें नियमच म्हणून पाळतात.

पंख्याला थांबावयाचें केव्हां, हें सांगणारी वस्तु म्हणजे पावलीएवढी एक चकती. निरनिराळ्या प्रमाणांत फुगणारे दोन धातु एकत्र जोडले म्हणजे उष्णतेनें ती पट्टी वांकते. इंग्लंडमधील जॉन हॅरिसन या घड्याळजीनें अठराव्या शतकांत आपल्या सागरी घड्याळासाठीं ही युक्ति वापरली होती. भट्टींतली चकती तापली कीं टक् करून एका बाजूस वळते आणि पंख्याची वाट जोडते. निवली कीं उलट वळते आणि वाट तोडते. मात्र ज्या उष्णतेवर ती जोडते, त्याहून बऱ्याच खालच्या उष्णतेवर सोडते. समजा, ७० अंशांवर जोडली तर ५५ अंशांवर सोडील. प्रत्येक भट्टीचे आंकडे निराळे. हे केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत.

आतां आपल्या मुलखाचा विचार करा. डिसेंबरांत धुळ्याच्या एखाद्या स्वयंपाकघरांत सकाळीं १५ अंश उष्णता आहे, आणि मे महिन्यांत त्याच खोलींत ४३. भट्टीचें अंग १२० अंशांवरून ५५ अंशांवर यावयाचें आहे. वस्तु निवण्याचा वेग ती आणि भोंवतालची हवा यांतील अंतरावर अवलंबून असतो. त्या नियमानें हिशेब केला तर डिसेंबरांत जें काम पंधरा मिनिटांत होईल त्याला मे महिन्यांत जवळजवळ अर्धा तास लागेल. कपाटाच्या कोंडलेल्या खणांतली हवा ४८ अंशांवर गेली तर अडीचपट वेळहि लागूं शकेल. भट्टीच्या माहितीपुस्तकांत जो वेळ दिलेला असतो तो सामान्यतः थंड हवेच्या देशांतील खोली डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो, जळगांवचा मे महिना धरून नव्हे. म्हणून उन्हाळ्यांत पंखा लांबला तर तेवढ्यावरून त्याला बिघाड म्हणूं नये.

मग बिघाड ओळखावा कसा? घड्याळ लावून पाहावें. एकदा नेहमीप्रमाणें भाजणें झाल्यावर वीज चालू ठेवून पंखा केव्हां थांबतो तें टिपून ठेवावें. पहाटे भट्टी पुरती थंड असतां बटण चालू करावें. थंड भट्टींतहि वीज येतांच पंखा फिरूं लागला आणि थांबेचना, तर चकती किंवा पाटीवरचा स्वयंचलित स्विच, ज्याला रिले म्हणतात, तो चिकटला आहे असें समजावें. पहाटे पंखा गप्प आणि संध्याकाळीं मात्र दीड-दीड तास चालतो, असें असेल तर दोष पंख्याचा नसून बहुधा हवेच्या वाटेचा असतो.

हा दुसरा प्रकार आपल्याकडे फार आढळतो, आणि त्याचें श्रेय सुताराला द्यावें लागतें. कपाट सुबक दिसावें म्हणून तो खणाची पाठ प्लायवूडनें पक्की बंद करतो. माझ्या परिचयाच्या धुळ्यांतील एका घरीं असेंच झालें होतें. पंखा रात्रीं झोपेपर्यंत घुमत राही. एका कारागिरानें येऊन पंख्याची तार काढून टाकण्याचा सल्ला दिला. आवाज बंद होईल, दहा मिनिटांचें काम, असें त्याचें म्हणणें. घरच्या वहिनींनीं विचारलें, "पंखा काढल्यावर ती उष्णता जाईल कोठें?" याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. त्यांनीं सुताराला बोलावून पाठीमागची फळी कापविली, वर-खालीं जाळी बसविली, आणि पंखा अर्ध्या तासाच्या आंत थांबूं लागला. तार काढली असती तर प्रथम विद्युत्-पाटी गेली असती, आणि त्याच्या पाठोपाठ तापलेल्या पत्र्याला टेकलेलें लांकूड. घरांत मुलेंबाळें असतां ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

हवेची वाट मोकळी असेल तर धूळ पाहावी. उन्हाळ्यांतल्या वावटळी आणि फोडणीची वाफ मिळून जाळीवर जो चिकट थर बसतो, तो निघाला तरी पुष्कळ फरक पडतो. भट्टी निवत असतां दार एक तर पूर्ण बंद ठेवावें, नाहीं तर पूर्ण उघडावें. अर्धवट किलकिलें ठेवल्यास सर्व आंच नेमकी बटणांवर चढते.

चकतीच चिकटली असेल तर जाणत्या हातांना ती बदलणें अवघड नाहीं. परंतु प्रथम भट्टी थंड होऊं द्यावी, मग तिच्या ओळीचा एमसीबी पाडावा आणि प्लगहि काढावा. नुसत्या बटणावर विसंबूं नये. दोघांनीं धरून भट्टी बाहेर ओढावी. वरचा पत्रा काढल्यावर तारा कशा जोडल्या आहेत याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. अशा चकत्या एकाहून अधिक असतात, आणि त्यांतली एखादी अतिउष्णतेच्या वेळीं भट्टी तोडणारी संरक्षक चकती असते. तिला हात लावूं नये. पंख्याच्या तारेचा माग काढीत जी चकती सांपडेल ती आपली. तिची एक तार काढून मल्टिमीटरनें तपासावी. थंड असतां तिच्यांतून वाट जोडलेली दाखविली, तर ती चिकटली. नवी घेतांना जुन्या चकतीवर कोरलेला अंशांचा आंकडा आणि अक्षरें हुबेहूब जुळलीं पाहिजेत. दुकानदार "हीहि चालेल" म्हणाला तरी दुसऱ्या आंकड्याची घेऊं नये.

चकती निर्दोष निघाली, किंवा पंख्याबरोबर आंतला दिवाहि विझत नसला, तर दोष रिलेचा किंवा दाराच्या स्विचाचा असण्याचा संभव अधिक. पाटीवरचें हें काम घरीं करण्यासारखें नाहीं. कांहीं नव्या भट्ट्यांत चकतीच नसते; पंखा किती वेळ फिरवावयाचा तें पाटीच ठरविते. तेथेंहि कारागीर बोलवावा, आणि आपण टिपलेलीं पहाटेचीं व संध्याकाळचीं मिनिटें त्याच्या हातीं द्यावीं. त्याचा निम्मा वेळ वांचतो.

भाजणें संपतांच वीजच गेली तर? दोन-तीन हजार वॅटची भट्टी घरच्या इन्व्हर्टरवर जोडलेली नसते. तेव्हां पंखाहि बंद पडतो. अशा वेळीं मुलांना दूर ठेवून दार पूर्ण उघडावें. मग रात्रीं वीज परत आली कीं पंखा आपोआप घूं घूं करूं लागतो आणि घरांतली वडील मंडळी दचकून उठतात. चकती अजून तापलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मायक्रोवेव्ह नांवाची जी छोटी पेटी आतां पुष्कळ घरांत दिसते, तिचा पंखाहि काम संपल्यावर थोडा वेळ फिरतो, आणि तोहि फिरूं द्यावा. पण तो थांबेनासा झाला तर वर सांगितलेली कोणतीहि दुरुस्ती तिच्यावर करूं नये. तिच्या आंतील कंडेन्सरमध्यें सुमारें दोन हजार व्होल्टचा विद्युत्-भार सांठतो आणि प्लग काढल्यावरहि तो कांहीं काळ राहूं शकतो. तिचें झांकण शिकलेल्या कारागिरानेंच उघडावें.