दात सरकतो, तेव्हा हाड नव्यानं घडतं



मागच्या बैठकीत मी कर्जाचे अर्ज वाचत होते. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, आणि एक अर्ज लेकीच्या दातांना तार बसवण्यासाठी. दोघीतिघी हसल्या. तेव्हा ती ताई म्हणाली, "हसू नका. पोरगी तोंडावर हात धरून बोलते. आधी एकदा तार लावली होती. कापूस वेचणीच्या दिवसांत चार महिने तपासणीला गेलोच नाही, मग कंटाळून काढून टाकली. दात पुन्हा फिरले. पैसे पाण्यात."

दात पुन्हा का फिरले, ते आज बघू.

आपल्याला वाटतं, तार ओढते म्हणून दात सरकतो. पण दात हाडात रोवलेला असतो. अंगणातला खांब जरा पुढे घ्यायचा तर पुढची माती उकरावी लागते आणि मागचा खड्डा भरून चोपावा लागतो. तसंच इथे आहे. तारेचा दाब पडतो त्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. ताण पडतो त्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी नवं हाड घालतात. हे काम सावकाश चालतं. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. जास्त आवळून घाई होत नाही. फार दाब दिला तर तिथलं रक्त अडतं, काम थांबतं आणि दाताच्या मुळालाही इजा होऊ शकते.

हे आतलं काम कळतं कसं? सुताराच्या दारात भुसा दिसला की आत रंधा चालू आहे हे आपण ओळखतो. दात आणि हिरडीच्या फटीत थोडा द्रव पाझरत असतो. संशोधक तिथे कागदाची बारीक पट्टी धरून तो टिपतात. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं असेल तर हाड बांधणं चालू असल्याची ती खूण. रँक-एल नावाचं प्रथिन वाढलं असेल तर हाड विरघळवणाऱ्या पेशींना बोलावणं गेलंय असं समजायचं. यांना जैविक खुणा म्हणतात. पण हिरडी सुजली तरी या खुणा बदलतात. म्हणून ही तपासणी मुख्यतः संशोधनात होते. नेहमीच्या उपचारात डॉक्टर दात, हिरड्या आणि एक्स-रे पाहून ठरवतात. त्यामुळे अशा तपासणीसाठी कुणी वेगळे पैसे मागितले, तर ती कशाला हवी हे आधी विचारा.

आता आपल्या हातातलं काय?

तपासणीची तारीख चुकवू नका. सुगी असली तरी एक दिवस काढा. तारेत अडकलेलं अन्न रोज ब्रशनं काढा, कारण सुजलेल्या हिरडीखालचं हाड झिजत जातं. मिश्री, तंबाखू बंद. तीही हाडाची वैरीण आहे. हाडांच्या ठिसूळपणावर औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि तार निघाल्यावर रिटेनर देतात, तो सांगतील तितके दिवस वापरा. खड्डा भरला तरी माती चोपून घट्ट व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात आधार काढला की खांब कलतो. त्या मुलीचं नेमकं हेच झालं.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथे दात सरळ करण्याचा वेगळा विभाग आहे. नंबरासाठी थांबावं लागेल, पण आधी तिथे चौकशी करा, मग कर्जाचा आकडा ठरवा.

त्या ताईचं कर्ज आम्ही मंजूर केलं. फक्त हप्त्याच्या वहीत तिच्या लेकीच्या तपासणीची तारीखही लिहून घेतली. आता बैठकीत हप्त्याबरोबर तेही विचारतो, "दवाखान्यात जाऊन आलीस का गं?"

तुमच्या गटातही एखादी लेक तोंडावर हात धरून बोलत असेल. तिच्या आईला हे जरूर सांगा.