इंद्रायणींत बुडालेले कागद
(यवतमाळ जिल्ह्यांतील एका गांवीं झालेलें भाषण)



तुकोबांचे अभंग आपण भजनांत गातों आणि ‘संतांना राजकारणाशीं काय करावयाचें?’ असेंही विचारतों. इंद्रायणींत दोनदां कागद बुडाले, तेवढें पाहा.

पहिले कागद कर्जरोख्यांचे. देहूचें हें कुणबी घराणें. दुकानदारी, महाजनकी आणि सावकारीही. १६३० चा दुष्काळ आला. एक बायको अन्नावांचून गेली. पुढें भावाचा हिस्सा भावास देऊन तुकोबांनीं आपल्या वांट्याचे रोखे नदींत टाकले, असें चरित्रकार सांगतात. ज्याचा कापूस घरीं येण्याआधींच सावकाराच्या वहींत चढतो, त्याला याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

दुसरे कागद अभंगांचे. शूद्रानें मराठींत वेदांचा अर्थ सांगावा कसा, अशी हरकत वाघोलीच्या रामेश्वर भटांनीं घेतली व वह्या बुडवावयास लावल्या, ही वारकऱ्यांची परंपरा. अभंग विठोबाचेच होते हो! भांडण देवाविषयीं नव्हतें, बोलण्याचा अधिकार कोणाचा याविषयीं होतें. राजकारण म्हणतात तें आणखी कोणतें? शिवरायांच्या नजराण्याची गोष्ट कीर्तनकार रंगवून सांगतात. मला तिची गरज वाटत नाहीं.

पुढें रामेश्वर भट स्वतःच तुकोबांचे शिष्य झाले. ब्राह्मणाघरच्या बहिणाबाईंनीं ह्याच कुणब्यास गुरु केलें, त्यापायीं नवऱ्याचा राग सोसला, आणि तें सारें आपल्या अभंगांत स्वतः सांगून ठेविलें.