पाहुणे आले तर काय दाखवाल?

(अमरावतीतील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मित्र-मैत्रिणींनो, मी इंजिनीअरिंगला असताना युवक महोत्सवासाठी बाहेरच्या जिल्ह्यातली मुलं आली होती. एकाने विचारलं, "उद्या सकाळ मोकळी आहे. इथं पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "काहीच नाही बा. गिला वडा खा अन् झोपा." सगळे हसले, मीही हसलो. पुढे नोकरीसाठी पुण्यात गेलो. तिथं लोक विचारायचे, "तुमच्याकडचे मुसलमान मराठी बोलतात?" मला राग यायचा. पण आपल्या गावाबद्दल 'काहीच नाही' असं मीच सांगत फिरलो होतो. मग लोकांना आपल्याबद्दल कळणार तरी कुठून?

अमरावतीत 1983 पासून विद्यापीठ आहे, अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ. परिषदा, स्पर्धा, महोत्सव यांच्या निमित्ताने पाहुणे येतात. विश्रामगृह, सभागृह आणि बसस्टँड पाहून परत जातात. त्यांना वऱ्हाड कोण दाखवणार?

सुरुवात विद्यापीठांच्या नावांपासूनच करता येईल. अमरावतीचं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं आहे. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या, कीर्तनातून लोकांनाच प्रश्न विचारणाऱ्या बाबांचं 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ निधन झालं. त्यांची समाधी गाडगेनगरात आहे. उद्घाटनाआधी पाहुण्यांना अर्धा तास तिथं नेलं, तर विद्यापीठाचं नाव नुसतं पाटीवर राहत नाही.

अकोल्याचं विद्यापीठ डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून झगडणारा हा माणूस पुढे केंद्रात कृषिमंत्री झाला. 1959-60 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, त्यामागेही तेच होते. जगाला आपल्या दारात बोलवावं, ही त्यांची रीत. कृषी विद्यापीठाची शिवार फेरी त्याच रीतीची आहे. पावसाळा सरता सरता शेतकरी येतात, विद्यापीठाची पिकं हिंडून पाहतात, प्रश्न विचारतात. साहित्याच्या किंवा संगणकाच्या विद्यार्थ्यालाही त्या फेरीत नेऊन बघा.

आता माझा एक फजितीचा प्रसंग. आम्ही मित्र नरनाळ्याला गेलो होतो. अकोट तालुक्यातला हा किल्ला. शहानूरला वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून वर जावं लागतं. वरच्या महाकाली दरवाज्यावर दगडात अप्रतिम अक्षरं कोरलेली आहेत. दरवाजा 15व्या शतकाच्या अखेरचा, बहमनी काळातला. मित्र म्हणाले, "हे तू वाच." मी अक्षरं लावत काही शब्द वाचले. अर्थ विचारला, तर सांगता आला नाही. अर्थ सांगितला तो अकोटच्या एका हिंदू मित्राने. त्याने किल्ल्याबद्दल पुस्तकातून वाचलं होतं. तेव्हा लक्षात आलं की वारसा आडनावावरून मिळत नाही, तो वाचून मिळवावा लागतो.

म्हणून माझा एकच प्रस्ताव आहे. आपण पाहुण्यांसाठी एक दिवसाची फेरी सुरू करू. नियम एवढाच: जे ज्याचं समजलं जातं, ते त्याने सांगायचं नाही.

सकाळी रिद्धपूर. इथं 13व्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्याचा पाया आपल्याच जिल्ह्यात घातला गेला. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. रिद्धपूरची माहिती आपल्यापैकी एखाद्या सलमाने किंवा इरफानने सांगावी. दुपारी अचलपूर. ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. ती माहिती एखाद्या पाटील किंवा वानखडेने सांगावी.

कुणी म्हणेल, हल्ली सुलतानांचं नाव काढलं की वाद होतो. होऊ शकतो. पण आपण तिथं सुलतानांची वकिली करायला जात नाही. लढाया झाल्या, लूट झाली, तेही सांगायचं. आणि इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा मूळचा कानडी हिंदू घराण्यातला, विजयनगरशी झालेल्या युद्धात पकडून आणलेला मुलगा होता, असं फरिश्ता लिहितो, हेही सांगायचं. गाविलगडच्या दिल्ली दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. तो पाहिला की इतिहास 'त्यांचा' आणि 'आपला' असा सरळ कापता येत नाही, हे पाहुण्याला आपोआप कळतं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी डोक्यात ॲपच आलं. पण ॲप रस्ता दाखवेल, शेजारी बसून डबा उघडणार नाही. आधी पंधरा माणसं, एक गाडी आणि घरून आणलेले डबे एवढं पुरे. दोघा-दोघांनी महिनाभर वाचायचं. चुकीची माहिती सांगण्यापेक्षा "हे मला माहीत नाही" म्हणायचं.

आपली तक्रार असते की कॉलेजच्या स्वागत समितीत आपली मुलं-मुली दिसत नाहीत. ती तक्रार खोटी नाही. पण या वर्षी नाव द्यायला आपण स्वतः किती जण गेलो? उद्याच जा. काम कोणतं हवं असं विचारलं, तर सांगा, "पाहुण्यांना गाव दाखवायचं."

ज्याला घर दाखवता येतं, त्याला "तू इथला का?" असं कुणी विचारत नाही. आणि विचारलंच, तर म्हणा, "चला, रिद्धपूरपासून सुरुवात करू."