स्पेलिंगला भिऊ नका



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील बँकांत स्लिप भरताना चांगली शिकलेली माणसेही अडतात, हे आम्ही बँकेतली मंडळी रोज पाहतो. यात लाजण्यासारखे काही नाही. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात पाचवीत झाली.

शिवाय इंग्रजी स्पेलिंग उच्चाराप्रमाणे चालत नाही. 'फोर'मध्ये यू आहे, 'फॉर्टी'त नाही : एफ-ओ-आर-टी-वाय. 'नाइन्टी'त ई राहतो, 'नाइन्थ'मधून जातो. 'रिसीट'मधला पी मुका आहे. मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून पंडितांनी तो घातला : आर-ई-सी-ई-आय-पी-टी. आपल्या 'चेक'च्या शेवटी क्यू-यू-ई येते, अमेरिकेत सी-के.

हे शिकायचे कशासाठी? चेकवर अंक आणि अक्षरे यांत फरक असेल, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचे कलम १८ अक्षरी रक्कम खरी मानते. 'सिक्स्टी'च्या जागी 'सिक्स्टीन' पडले, तर साठ हजारांचे सोळा हजार होतात!

म्हणून एक ते शंभर आकडे इंग्रजी अक्षरांत लिहायचा सराव करा. रोज पाच शब्द मोठ्याने म्हणून लिहा. तोवर अडून राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे चेक मराठीतही लिहिता येतो. मात्र कोऱ्या स्लिपवर सही करून ती दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आपल्या घामाच्या पैशाची स्लिप आपणच भरू या.