एकट्याची पाणबुडी: आधी वर येण्याचं डिझाइन

आज एक प्रश्न घेऊन बसलोय. एका माणसापुरती छोटी पाणबुडी साध्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये बनवायची, तर डिझाइनची सुरुवात कुठून करायची?

हे वेड नवीन नाही बरं का. अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेल्या जॉर्ज किट्रिज यांनी के-२५० नावाची एकट्याची पाणबुडी डिझाइन केली होती. २५० म्हणजे २५० फूट, साधारण ७६ मीटर. तिचे आराखडे विकत मिळायचे आणि हौशी मंडळी त्यावरून स्वतःची पाणबुडी बांधायची. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मी काय केलं, तर एक स्प्रेडशीट उघडली.

समजा, स्टीलचा एक सिलिंडर घेतला. व्यास ७५ सेंटिमीटर, लांबी अडीच मीटर. आकारमान होतं साधारण १,१०० लिटर. म्हणजे ही वस्तू पूर्ण पाण्याखाली गेली की पाणी तिला १,१०० किलोच्या जोराने वर ढकलणार. आता वजन बघू. ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं ३२० किलो. माणूस ७० किलो. बॅटऱ्या, मोटर, झाकण, खुर्ची मिळून धरा २५० किलो. बेरीज ६४० किलो. म्हणजे ही पाणबुडी बुडतच नाही! रिकामा हंडा विहिरीत दाबून बघितलाय ना कधी? तसंच. बुडवायला साडेचारशे किलोच्या आसपास शिसं लागतं. आणि गोड्या पाण्यात जमवलेला हा तोल समुद्रात बिघडतो. खारं पाणी जड असल्यामुळे तिथे आणखी २७-२८ किलो घालावे लागतात.

म्हणजे हे सगळं तोलाचं गणित आहे. आणि या तोलाची गंमत अशी की तो स्वतःहून सावरत नाही. पाण्याखाली जाताना बाहेरच्या टाक्यांमध्ये पाणी भरतात. या टाक्या खालून उघड्या असतात. त्यात थोडी जरी हवा राहिली तरी खाली जाताना ती दाबली जाते. १० मीटरवर तिचं आकारमान निम्मं होतं. हवा आकसली की वर ढकलणारा जोर कमी, म्हणून पाणबुडी आणखी खाली, म्हणून हवा आणखी आकसते. आमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक. त्यामुळे टाक्या भरायच्या तर पूर्ण भरायच्या. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी इकडून तिकडे हिंदकळतं आणि पाणबुडी कलंडायला लागते, तो त्रास वेगळाच.

‘टायटन’ची दुर्घटना जून २०२३ मध्ये झाली. तेव्हापासून पाणबुडीचा धोका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, क्षणात चिरडून जाणं. पण ती निघाली होती ३,८०० मीटरवर. १५-२० मीटरपर्यंत जाणाऱ्या, नीट गोल बांधलेल्या स्टीलच्या पाणबुडीत धोका बहुधा सावकाश येतो. आणि तो येतो तेव्हा आत तुम्ही एकटेच असता.

हवेचं उदाहरण घ्या. आत माणूस आणि सामान सोडून ९०० लिटर हवा आहे असं धरू. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव ते अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. मिनिटाला ०.३ लिटर धरला तरी अर्ध्या तासात त्याचं प्रमाण १ टक्का होतं, दीड तासात ३ टक्के. ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी हा वायू त्रास देतो. डोकं दुखतं, धाप लागते, पुढे विचार मंदावतो. उपाय आहे: भूल देण्याच्या यंत्रात असतो तो सोडा लाइम आणि त्यातून हवा फिरवणारा पंखा. पण पंखा बंद पडला तर? ‘अरे, तू काहीतरी विचित्र वागतोयस’ असं सांगायला शेजारी कोणी नाही.

मग झाकण उघडून बाहेर पडू? ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर १० मीटर खोलीवर जवळपास २ टन भार असतो. आत पाणी भरून दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत ते हलणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पाणबुडीचं पहिलं चित्र काढायचं ते वर येण्याच्या वाटेचं. पोटाखाली शिशाचं एक वजन, आतून हाताने सोडता येईल असं. वीज नको, संकुचित हवा नको. डोकं बधिर झालेल्या माणसालाही जमेल इतकं ते सोपं हवं.

ही युक्ती फार जुनी आहे. १७७५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बुशनेलने ‘टर्टल’ नावाची लाकडी, हाताने चालवायची एकट्याची पाणबुडी बांधली. आत जेमतेम अर्ध्या तासाची हवा. तिच्या तळाला शिसं होतं आणि त्यातलं साधारण २०० पौंड आतूनच खाली सोडता यायचं, की पाणबुडी लगेच वर! १९६० मध्ये मारियाना गर्तेच्या तळाशी गेलेल्या ‘त्रिएस्त’मध्ये लोखंडाचे छर्रे विद्युतचुंबकाने धरून ठेवले होते. वीज गेली की छर्रे आपोआप गळणार. म्हणजे सगळं बंद पडलं तर काय व्हावं, याचं उत्तर आधीच ठरलेलं: वर यावं.

या वजनालाही मर्यादा आहे. शिसं स्वतःही थोडं पाणी बाजूला सारतं, त्यामुळे ८० किलो सोडल्यावर फायदा मिळतो ७३ किलोचा. म्हणजे आत ७३ लिटर पाणी शिरेपर्यंत तुम्ही वर येऊ शकता. १,१०० लिटरच्या पाणबुडीत ७३ लिटर म्हणजे फार नाही. त्यामुळे गळती दिसली की विचार करत बसायचं नाही, वजन सोडायचं.

तेव्हा कोणी खरंच मनावर घेतलं असेल, तर आधी पाणबुडी रिकामीच, दोराने, ठरवलेल्या खोलीपेक्षा जास्त खाली उतरवून बघा. स्वतः बसाल तेव्हा जिथे तळच त्या खोलीच्या आत आहे, अशाच पाण्यात उतरा. वर बोट आणि माणसं ठेवा. आणि वजन सोडायचा सराव डोळे मिटून करा. कारण गरज पडेल तेव्हा आतला दिवा चालू असेलच असं नाही.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात!