डोकं न सापडलेला डायनासोर



मी सिरोंचा भागातल्या एका शाळेत अकरा वर्षं शिकवलं. तिथली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी. एकदा सहावीच्या वर्गात मी सांगत होते, की आपल्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात एका मोठ्या डायनासोरची हाडं सापडली आणि ती आता कोलकात्याला आहेत. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही पाहिलीत?"

"नाही."

"मग खरं कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मुलाच्या नोकरीमुळे कोलकात्याला जाणं झालं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ही हाडं पाहायला निघाले.

मेट्रोनं बरानगरला उतरले. बाहेर बराकपूर ट्रंक रोड, म्हणजे बसगाड्या, ट्रक, हॉर्न आणि चहाच्या टपऱ्या. त्याच रस्त्यावर भारतीय सांख्यिकी संस्थेचं फाटक आहे. ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये स्थापन केली. 1959 च्या कायद्यानं तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आत शिरलं की गोंगाट मागे राहतो. झाडं आहेत, तळी आहेत, आणि महालनोबिस जिथं राहत ते 'आम्रपाली' हे घरही आहे. तुम्ही गेलात तर आधी परवानगी विचारून जा, म्हणजे हेलपाटा होणार नाही.

आकडेमोडीच्या संस्थेत डायनासोर कसा, हा प्रश्न मलाही पडला होता. महालनोबिसांना भूविज्ञानातही रस होता. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावलं आणि संस्थेत भूविज्ञानाचा विभाग उभा राहिला. त्या विभागाच्या लोकांनी गोदावरीच्या खोऱ्यात वर्षानुवर्षं पायपीट केली. पोचमपल्ली गावाजवळ त्यांना सुमारे 300 हाडं मिळाली. ती किमान सहा प्राण्यांची होती.

संग्रहालयात शिरल्यावर समोर तोच उभा असतो, बारापासॉरस टागोराय. नाव वाचून मला आधी वाटलं, याला बारा पाय असणार! पण बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. त्याच्या मांडीचं एक हाड पावणेदोन मीटरच्या आसपास भरलं, म्हणून हे नाव. खोदकाम चालू होतं तेव्हा, 1961 मध्ये, रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती, म्हणून पुढे 'टागोराय'. 1975 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि नंतर हा सांगाडा उभा राहिला.

मी खाली उभी राहून मान वर केली आणि सगळ्यात आधी पाहिलं ते डोकं. नेमकं तेच खरं नाही. बारापासॉरसची कवटी आजवर सापडलेली नाही, मिळाले ते थोडे दात. डोकं त्याच्या नातलग प्राण्यांवरून अंदाजानं बसवलेलं आहे. बाकीचा सांगाडाही एकाच प्राण्याचा नाही, अनेकांच्या हाडांतून जुळवलेला आहे.

आधी माझा थोडा हिरमोड झाला. मग लक्षात आलं, की महालनोबिसांचं नाव झालं ते नमुना पाहणीमुळे. मूठभर शेतं मोजायची, त्यावरून अख्ख्या प्रांताचं पीक सांगायचं, आणि चूक किती असू शकेल तेही सांगायचं. इथंही तेच चाललंय. काय सापडलं आणि काय जोडलं, हे वेगळं सांगता येतं, म्हणून बाकीच्यावर विश्वास बसतो.

आता माझी चूक सांगते. शाळेतल्या माझ्या टेबलावर दगड झालेल्या लाकडाचा एक तुकडा होता. कुणीतरी शेतातून आणून दिला होता. मी तो कागदांवर वजन म्हणून ठेवत असे. बारापासॉरसच्या हाडांसोबतही झाडांचे असेच मोठे दगडी बुंधे मिळाले होते. कुठलं हाड कुठं होतं, बुंधे कुठं होते, याची नोंद झाली होती. त्यावरूनच अभ्यासक म्हणू शकले, की मोठ्या पुरानं जनावरं आणि झाडं एकत्र वाहून आणली असावीत. माझा तुकडा मात्र मुका आहे. तो कुठल्या शेतातला, कुठल्या थरातला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. जागा हरवली की जीवाश्म अर्धा हरवतो.

आणि आपली जागा साधी नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हाच्या काळ्या खडकाखाली आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बारापासॉरस त्याच्याही दहा कोटींहून जास्त वर्षं आधीचा. त्या काळातला खडक उघडा दिसतो तो आपल्या पूर्व टोकाला. ज्या खडकांत ही हाडं मिळाली, त्यांना जगभरचे भूवैज्ञानिक 'कोटा' म्हणतात. हे कोटा राजस्थानातलं नव्हे, सिरोंचाजवळचं, प्राणहितेकाठचं छोटं गाव!

गावी गेले तेव्हा पावणेदोन मीटर सुतळी कापून शाळेत नेली. "हे मांडीचं एक हाड," म्हटलं. वर्गातलं सगळ्यात उंच पोरही तिच्यापुढे कमी पडलं. प्रश्न विचारणारी मुलगी आता नववीत होती. तिला बोलावून सांगितलं, "पाहिलं. हाडं खरी आहेत. डोकं अंदाजाचं आहे, ते अजून सापडायचंय."

तिनं लगेच विचारलं, "मग ते इथंच असेल?"

असेलही. म्हणून मुलांना एकच सांगून आले, तुम्हालाही सांगते. शेतात, ओढ्यात असं काही दिसलं तर उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, शाळेत कळवा.